उभी मुंबई, आडवे पाणी

मुंबईत जलवाहतूक दर काही वर्षांनी नव्याने सुरू होते. धक्क्यावर मांडव पडतो, फीत कापली जाते, मंत्रिमहोदय आणि पत्रकार बोटीतून एक फेरी मारून येतात. दुसऱ्या दिवशीच्या अंकात निळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या बोटीचे छायाचित्र झळकते आणि आता लोकलवरचा ताण कमी होणार, असे भाकीत त्याखाली छापले जाते. मग पावसाळा येतो. पावसाळ्यानंतर त्या बोटीचे काय झाले, याची बातमी सहसा येत नाही. चार-पाच वर्षांनी पुन्हा मांडव पडतो.

नव्वदच्या दशकात हॉवरक्राफ्ट आले. हवेच्या गादीवर तरंगत पाण्यावरून थेट वाळूवर येणारे ते वाहन पाहायला गर्दी झाली. त्यात बसून रोज कचेरीला जाणारे थोडे निघाले, आणि काही वर्षांत ते दिसेनासे झाले. नरिमन पॉइंट ते बोरिवली अशा पश्चिम किनाऱ्यावरच्या जलमार्गाची योजना महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या कागदांत वर्षानुवर्षे राहिली. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले. मुंबई बंदरातून बेलापूर आणि नवी मुंबईच्या बाजूला जाणाऱ्या या सेवेत वेगवान छोट्या बोटीचे भाडे माणशी ८०० ते १२०० रुपये आणि मोठ्या कॅटमरानचे २९० रुपये ठेवले होते. रोज नोकरीवर जाणाऱ्यांचे वाहन ती कधीच झाली नाही. आता वॉटर मेट्रोची पाळी आहे. २०२५मध्ये राज्य सरकारने तिच्या अभ्यासाचे काम कोची मेट्रो रेल लिमिटेडकडे सोपवले.

मी बोरिवलीचा रहिवासी. नोकरीची बहुतेक वर्षे उपनगरांतल्या बँकशाखांत काढली. कर्जाचे प्रस्ताव वाचणे हा त्यातला मोठा भाग होता. कादंबऱ्या लिहिण्याच्या व्यसनापायी माणसांच्या स्वप्नांवर विश्वास ठेवण्याची सवय लागली, तरी प्रकल्प अहवालाच्या मागच्या पानावरचे कोष्टक आधी पाहण्याची बँकेची खोड काही सुटली नाही. म्हणून या विषयातही मी आधी बेरीज-वजाबाकी करतो.

गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसे असतात. ती कशी असतात हे वाचकांना सांगायला नको. कोचीच्या बोटीत १०० माणसे मावतात. म्हणजे सकाळची एक लोकल रिकामी करायची तर ४५ बोटी लागतील. बोरिवलीहून दर तीन मिनिटांनी एक बोट सोडली, एकही बोट उशिरा आली नाही आणि सगळ्या भरून गेल्या, असे धरले तरी तासाला २० बोटी होतात आणि माणसे होतात २०००. अर्ध्या लोकलचीही गर्दी त्यात मावत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवास होतात. हा डोंगर बोटीने उचलला जाणार नाही.

वेळेचा हिशेबही असाच आहे. बोरिवलीहून जलद लोकल तासाच्या आत चर्चगेटला पोहोचते आणि तिचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट १५ रुपये आहे. साधी प्रवासी लाँच हे अंतर कापायला त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ घेईल. वेग वाढवता येतो, पण पाणी वेगाची किंमत फार कडक वसूल करते. वेग थोडा वाढवला तरी इंधन कितीतरी जास्त जळते. लोकलशी शर्यत लावणारी बोट म्हणूनच महाग होते, आणि महाग झाली की ती लोकलच्या उतारूसाठी उरत नाही. भाडे ८०० रुपये ठेवण्यात कोणाचा दुष्टावा नसतो, तो त्या शर्यतीचा खर्च असतो.

मुंबईचा नकाशा समोर धरला की याचे कारण दिसते. हे शहर उभे आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वे उभ्या, दोन्ही द्रुतगती महामार्ग उभे, मेट्रोचे बरेच मार्गही उभे. पश्चिमेचा समुद्रसुद्धा या सगळ्यांना समांतर, उभाच. त्या समुद्रातून वर्सोव्याहून नरिमन पॉइंटला जायचे म्हणजे आधीच असलेल्या चार-पाच वाटांशेजारी आणखी एक वाट टाकायची, आणि तीही अशी की जून ते ऑगस्ट लाटा तिचा ताबा घेणार. मुंबई बंदराला पूर्वेकडे आडोसा आहे. जुहू, वर्सोवा, गोराईपुढे उघडा अरबी समुद्र आहे.

पण याच नकाशावर दुसरेही पाणी आहे. वर्सोवा आणि मढ यांच्या मधून मालाडची खाडी आत शिरते. मार्वे आणि मनोरी, बोरिवली आणि गोराई यांच्यामध्ये मनोरीची खाडी आहे. उत्तरेला भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये वसईची खाडी आहे. हे पाणी आडवे आहे. ते समोरासमोरच्या गावांना तोडते. वर्सोव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की मढची घरे आणि नांगरलेल्या होड्या स्पष्ट दिसतात, फेरीबोटीने काही मिनिटांत माणूस पलीकडे जातो. रस्त्याने जायचे तर मालाडला वळसा घालून वीस किलोमीटरहून अधिक पडतात. इथे बोटीला कोणाशीच शर्यत लावावी लागत नाही. ती संथ चालली तरी जिंकते. म्हणूनच तिला महाग व्हावे लागत नाही.

सांगायचा मुद्दा एवढाच आहे. उभ्या पाण्यावर बोट ही चैन आहे आणि आडव्या पाण्यावर ती गरज आहे. आपण पैसा, भाषणे आणि छायाचित्रे उभ्या पाण्यावर खर्च करतो. आडव्या पाण्यावर शेवाळलेल्या पायऱ्या, अपुरे दिवे आणि भर उन्हातली रांग असते.

या फेऱ्यांतून कोण जाते, ते एकदा जाऊन पाहावे. रविवारी दुपारी मौजेला निघालेली मंडळी असतात, ती सोडून द्या. कामाच्या दिवशी सकाळी जावे. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या कोळणी, अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या कॉलेजात जाणारी मुले, बंगल्यांवर कामाला जाणारे माळी आणि स्वयंपाकीण बाया, दवाखान्याची फाइल पिशवीत घालून निघालेले म्हातारे जोडपे. काही फेऱ्यांत माणसांच्या मधोमध स्कूटर आणि मोटारसायकलीही उभ्या असतात. शहराचे गोराई आणि मनोरी हे भाग महापालिकेच्या हद्दीत आहेत, कर भरतात, मत देतात. पण रात्री शेवटची बोट गेली की त्यांच्यासाठी बोरिवली भाईंदरपलीकडे जाते. घरात कोणाला अपरात्री छातीत दुखू लागले तर उत्तन-भाईंदरचा वळसा घालावा लागतो. पंचवीस-तीस किलोमीटरचा तो वळसा त्या वेळी किती लांबतो, हे त्या घरालाच ठाऊक. जलवाहतुकीचा प्रश्न खरा कुठे आहे, हे मला त्या वळशावर दिसते.

अर्थात, पाण्याने तुटलेली माणसे हा मुंबईच्या उपनगरांचा मूळ इतिहासच आहे. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी बेटावर. माहीमहून वांद्र्याला जायचे तर खाडी नावेने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम असे. सरकारकडे पूल बांधायला पैसे नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. त्या बाईंना प्रवासी वाहतुकीचे शास्त्र कोणी शिकवले नसेल, पण ओलांडणे ही गरज आहे आणि गरजेवर नफा काढू नये, हे त्यांना कळले होते. माहीमची नाव गेली म्हणून आज कोणी हळहळत नाही. होडीचे काव्य आपल्याला प्रिय असते ते किनाऱ्यावर बसून. रोज होडीतून जाणाऱ्याला पलीकडे पोहोचायचे असते.

म्हणूनच वर्सोवा-मढ पुलाची योजना महापालिकेने हाती घेतली, तिला माझा विरोध नाही. पूल झाला आणि त्यावरून अंधेरी स्टेशनची बेस्टची बस दर दहा मिनिटांनी मढला गेली, तर फेरीबोटीचे काम संपले असे खुशाल म्हणावे. पण पूल व्हायला वर्षे लागतात, आणि झाल्यावर त्यावर बस धावेल की नुसत्या मोटारी, हे आपल्या शहरात आधी सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक खाडीवर पूल होणार नाही, व्हावाही असे नाही. तोवर फेरीबोट हा मढचा, मनोरीचा आणि गोराईचा रस्ता आहे, आणि रस्त्याची देखभाल करावी लागते.

आडव्या पाण्यावरची बोट चालते, याचे पुरावे लांब शोधायला नकोत. कोकणात दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीवर २००३पासून फेरीबोट आहे. दापोली आणि गुहागर हे तालुके तिने शेजारी आणले. माणूस, मोटारसायकल, एसटी, आंब्याचा टेम्पो असे सगळे तीतून जाते. त्याच धर्तीवर फेब्रुवारी २०२४मध्ये भाईंदर ते वसई रो-रो सुरू झाली. पाण्यावरून साडेतीन किलोमीटर, रस्त्याने घोडबंदरकडून वळसा घालून अडतीसच्या घरात. रेल्वेने जाणाऱ्याला खाडीवरचा पूल होताच, पण ज्याच्याकडे वाहन आहे किंवा माल आहे त्याला ही बोट मोठी सोय झाली. २०२५मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडे जाणारी अशीच फेरी आली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२०मध्ये सुरू झालेली रो-रो मोठ्या बांधणीची असल्याने पावसाळ्यातही जाते, आणि शंभर किलोमीटरचा रस्ता वाचवते. या सगळ्यांत समान धागा एकच, पाणी वळसा वाचवते.

कोचीचे उदाहरण आता सर्वांच्या तोंडी आहे, तेही नीट पाहावे. एप्रिल २०२३मध्ये तिथे वॉटर मेट्रो सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या बोटी कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या. तिकीट २० ते ४० रुपयांच्या आत ठेवले. जर्मन सरकारी बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि राज्य सरकारचा पैसा त्यामागे उभा राहिला; भाड्यातून पहिल्या वर्षीच भांडवल वसूल करायचे, असा हट्ट धरला नाही. धक्के तरंगते आहेत, त्यामुळे बोट आणि धक्का एका पातळीत राहतात आणि चाकाच्या खुर्चीतला माणूसही विनासायास आत जातो. मुख्य म्हणजे तिची कल्पनाच शहराभोवतालची दहा बेटे जोडण्याची आहे. तिथले पाणी आडवे आहे.

मुंबईने कोचीकडून काय घ्यावे, याचा विचार करताना दोन फरक विसरून चालणार नाहीत. कोचीचे बॅकवॉटर जवळजवळ तळ्यासारखे आहे, भरती-ओहोटीत पाणी मीटरभर हलते. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला खाड्यांच्या काठी नुसता चिखल उरतो. अशा वेळी सकाळी ज्या पायरीवरून चढलो ती संध्याकाळी हातभर पाण्याखाली असते किंवा पुरुषभर उंचीवर. म्हणून तरंगता धक्का आणि त्याला जोडणारा हलता पूल ही आपल्याकडे चैन मानता येणार नाही. आणि दुसरा फरक पावसाळ्याचा.

इथे मला माझ्या जुन्या शाखेची आठवण होते. किनाऱ्यालगतची शाखा, खातेदारांत मच्छीमार बरेच. होडीसाठी किंवा इंजिनासाठी कर्ज दिले की परतफेडीचे हप्ते आम्ही मासेमारीच्या हंगामाला धरून बांधत असू. पावसाळ्याच्या बंदीत हप्ता ठेवायचा नाही, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली, चार पैसे आले की मग मागायचा. हे शहाणपण कुठल्याही परिपत्रकापेक्षा जुने होते. ते समोर बसलेल्या कोळ्याने आम्हाला शिकवले. जलवाहतुकीचे मोठे प्रस्ताव मात्र मी जेव्हा जेव्हा वाचले, तेव्हा त्यांतल्या कोष्टकात वर्ष बारा महिन्यांचे होते आणि बोट रोज बारा तास धावत होती. कागदावरच्या बोटीला ओहोटी नसते. आणि व्याजाला पावसाळा नसतो. आठ-नऊ महिने कमवायचे, बारा महिने फेडायचे, खलाशांचे पगार द्यायचे, बोट गोदीत ओढून डागडुजी करायची. हे ओझे भाड्यावर पडते, भाडे वाढले की उतारू आटतात, आणि उतारू आटले की फेऱ्या कमी होतात. सेवा अशीच हळूहळू बंद पडते. तिला कोणी बंद करत नाही.

पूर्व उपनगरांतल्या वाचकांना हे सगळे पश्चिमेचे पुराण वाटेल. मुलुंड, भांडुप, घाटकोपरलाही ठाण्याची खाडी आहेच की, मग आमची बोट कुठे? या प्रश्नाचे उत्तर गोड नाही. ती खाडी उथळ आहे, काठी गाळ आणि कांदळवने आहेत, आणि वस्तीपासून पाण्यापर्यंत जायला महामार्ग व मिठागरे ओलांडावी लागतात. तिथे २०१५पासून फ्लेमिंगोंचे अभयारण्य आहे, २०२२मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. बोटीसाठी गाळ उपसायचा आणि तिवरे तोडायची, म्हणजे पावसाळ्यात शहराचे पाणी जिरवणारी जागाच मोडायची. मुलुंडकरांनी ऐरोलीच्या पुलावरून भरपूर बसगाड्या मागाव्यात. त्यांचे आडवे पाणी पुलाने ओलांडून झाले आहे. जिथे गरज नाही तिथे बोट नको म्हणणे, हाही जलवाहतुकीचा पुरस्कारच आहे.

सुरक्षेविषयी थोडक्यात लिहितो, कारण या विषयात मराठी माणसाला आठवण करून द्यावी लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जीव गेले. दुर्घटनेनंतर काही दिवस सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे दिसतात. गरज आहे ती हे सगळे रोज पाळले जाण्याची: उतारू मोजून घेणे, बावटा लागला की निमूट थांबणे, खलाशाला नियमित पगार आणि प्रशिक्षण देणे. लहान फेऱ्यांकडे वरिष्ठांचे लक्ष जात नाही, म्हणून तिथे हे अधिक लागते.

मग करायचे काय? मला मोठी योजना सुचवायची नाही. उपनगरांतल्या वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई या तीन फेऱ्या आधी रस्त्याच्या दर्जाच्या करून दाखवाव्यात. बेस्टचा पास या बोटीत चालावा आणि भाडे बसच्या भाड्याएवढे असावे. मे २०२५च्या वाढीनंतर ते कमीत कमी १० रुपये आहे, त्यात तूट आली तर ती तूट सोसावी, जशी आपण उड्डाणपुलाची सोसतो. उड्डाणपुलाने नफा कमवला का, असे कोणी विचारत नाही. बोटीला धरून बस सुटावी. स्टेशनावरून धक्क्यापर्यंत रिक्षाला पन्नास रुपये मोजल्यावर दहा रुपयांच्या बोटीचे कौतुक उरत नाही. धक्के सागरी मंडळाने बांधावेत आणि राखावेत. त्यांवर छप्पर, दिवे, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय असावे. बोटी मात्र ज्यांना हे पाणी कळते त्या कोळीवाड्यांच्या सहकारी संस्थांनीच चालवाव्यात. आजवर या खाड्या माणसांना ओलांडून दिल्या आहेत त्या त्यांनीच. त्यांना लिलावाच्या कागदावर हरवून बाहेरची कंपनी आणण्यात शहाणपण नाही. त्यांच्या हाती चांगली बोट द्यावी, हप्ते हंगामाला धरून बांधावेत आणि हिशेब उघडे ठेवावेत. ज्या दिवशी दर्या खवळलेला असेल त्या दिवशी बोटीऐवजी वळशाच्या रस्त्याने बस सोडावी, त्याच तिकिटात.

या तीन फेऱ्यांना लागणारा पैसा एखाद्या उद्घाटनी प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ ठरेल. बहुधा तीच त्यांची अडचण आहे. किरकोळ कामाला मांडव पडत नाही.

वॉटर मेट्रोचा अहवाल येईल, त्यात रंगीत नकाशे असतील, आणि ते छान दिसतील. वाचकांनी त्यांतले निळे मार्ग मोजत बसू नये. दोनच गोष्टी विचाराव्यात. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता ही बोट सुटणार आहे का? आणि पाटी घेऊन आलेल्या कोळणीला तिचे तिकीट परवडणार आहे का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर मांडव खुशाल घालावा. नसतील तर तो खर्च गोराईच्या पायऱ्यांवर करावा.